सड्यावरच्याला फोन करायचा नाही

माझ्या मामाच्या वाडीत एक नियम आहे. सड्यावर बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही. तो चढणीला लागला की "खंय चललंस?" असं विचारायचं नाही, वर जाऊन बसला की खालून ओरडायचं नाही, आणि अलीकडे त्यात आणखी एक कलम वाढलं, त्याला फोन करायचा नाही. घरात कुणी आजारी पडो, गाय सुटो, मुंबईहून पाहुणे येवोत. तो खाली उतरेपर्यंत तो गावातच नाही असं धरून चालायचं. मामीने तर एकदा साप घरात शिरला तेव्हाही त्याला फोन केला नव्हता. काठी घेऊन स्वतःच उभी राहिली, आणि मामा खाली आल्यावर त्याला जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा सड्यावरचा माणूस म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. मिठबावच्या पुढे किनाऱ्याला लागून त्याची वाडी. खाली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, तिच्या मागे सुरूचं बन, मग माड आणि घरं, आणि एका अंगाला जांभ्या दगडाचा उघडा सडा. हा सडा सरळ समुद्रापर्यंत जातो आणि तिथे एकदम तुटतो. त्या टोकाला एक बसका दगड आहे, मामाची जागा तीच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उजाडता उजाडता तो तिथे जाऊन बसतो आणि ऊन पार डोक्यावर आलं की उतरतो. मधल्या वेळात तो समुद्र बघतो. बाकी काही करत नाही.

पण तेच काम आहे. आमच्याकडे रापण लागते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते जाळं घेऊन पाण्यात अर्धा फेरा मारून येते, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर येतात आणि अख्खी वाडी दोन रांगांत उभी राहून ते ओढते. ज्याचा हात दोराला लागला त्याला माशांचा वाटा, मग तो कोणी का असेना. पण जाळं कधी आणि कुठे टाकायचं ते पुळणीवर उभं राहून कळत नाही. बांगड्यांचा थवा किनाऱ्याजवळ आलेला वरूनच दिसतो, आणि तोही बघणाऱ्याला. म्हणून मासे वाटताना सगळ्यात आधी एक ढीग बाजूला काढतात, तो सड्याचा वाटा. माझ्या आजोबांनी तो घेतला आणि त्यांच्यानंतर मामाने.

लहानपणी सुट्टीत मी त्या दगडावर मामाच्या शेजारी बसलेली आहे. एका अटीवर, तोंड उघडायचं नाही. माझ्यासारख्या बडबड्या पोरीला ही केवढी शिक्षा! पण मी बसायची, कारण मामाच्या खिशात गूळ-खोबऱ्याची पुरचुंडी असायची, आणि तिथे बसलं की आपण मोठी कामगिरी करतोय असं वाटायचं. फार चुळबुळ केली की तो समोर बघत बघतच म्हणायचा, "गप बस गो. मासो आयकता." कधी खुशीत असला तर शिकवायचाही. पाण्यावर काळा डाग दिसला की मी टुणकन उठायची, "मामा, थवो!" तो मान हलवायचा. "ता ढग आसा. ढगाची सावली वाऱ्यावांगडा जाता. माशाची सावली वाऱ्याक इचारीत नाय." इतक्या वर्षांत मला तो फरक कधी दिसला नाही. मला सगळे डाग सारखेच.

मोठी झाले, डिप्लोमा केला आणि मोबाईलच्या टॉवरची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे लागले. कणकवलीला ऑफिस, आणि अर्धं आयुष्य टॉवरखाली. बाईमाणूस टॉवरवर चढते म्हणून सुरुवातीला लोक चहाचे कप हातात घेऊन बघायला यायचे. मी वरूनच विचारायची, "काय, तिकीट काढलं का?" जीभ माझी पहिल्यापासून तिखट, मामी म्हणते आईवर गेली. असो. तर मामाच्या वाडीच्या वरच्या अंगाला जो टॉवर आहे तोही माझ्याच ताब्यात आला, आणि इथूनच माझ्या शहाणपणाची गोष्ट सुरू होते.

टॉवर म्हणजे लोकांना एक खांब दिसतो. पण त्याला तीन तोंडं असतात. आमच्या त्या टॉवरचं एक तोंड गावाकडे, एक देवगडच्या रस्त्याकडे आणि एक समुद्राकडे. प्रत्येक तोंडाला सेल म्हणतात, आणि प्रत्येक सेल कुणी बोलो न बोलो, वीज खात बसतो. एसटी स्टँडवर रिकामी गाडी इंजिन चालू ठेवून उभी असावी तसं. आणि आमच्याकडे विजेचं काय सांगू! जरा वारा सुटला की माडाची झावळ तारेवर पडते आणि गाव अंधारात. मग टॉवर बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी संपली की बसा हात चोळत. आदल्या पावसाळ्यात असाच तो टॉवर दोन दिवस बंद पडला होता. एक बाळंतीण अडली आणि गाडी बोलवायला तिच्या नवऱ्याला भर पावसात मोटरसायकल काढावी लागली. आई आणि मुलगी दोघी वाचल्या, पण मला महिनाभर कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

म्हणून वरून जेव्हा हुकूम आला, की ज्या सेलवर गर्दी नाही त्याला झोपवा आणि वीज वाचवा, तेव्हा मला तो मनापासून पटला. झोप दोन प्रकारची असते. एक हलकी. सेल डोळे मिटतो पण कान उघडे. कुणी जरा ठोठावलं की लगेच उठतो. वीज थोडीच वाचते. दुसरी गाढ, जवळजवळ सगळंच बंद. वीज भरपूर वाचते, पण उठायला वेळ लागतो. आधी शेजारच्या सेलला कळायला हवं की तिकडे गर्दी झाली, मग त्याने उठवायचं, मग यंत्र सुरू होणार, स्थिरावणार. आमच्या त्या जुन्या यंत्राला सहज सात-आठ मिनिटं लागायची. एवढी वीज वाचवायची की एवढ्या लवकर उठायचं, यातलं काय किती हे त्या त्या जागेचा वापर बघून आपण ठरवायचं असतं. ते ठरवायचं काम माझं.

मी समुद्राकडच्या सेलचा काही महिन्यांचा वापर काढला. सकाळचा जवळजवळ शून्य! कुणी बोलत नाही, कुणी काही बघत नाही. अधूनमधून एखादा बारीकसा निरोप, बस्स. मी म्हटलं, माशांना कशाला हवाय मोबाईल? आणि टाकला गाढ झोपेत. त्या भागातल्या फोनना गावाकडच्या सेलची जी काय थोडीफार रेंज डोंगराआडून मिळेल ती मिळेल. बॅटरी दीडपट टिकायला लागली. साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकली. मी दोन दिवस हवेत होते.

आता बघा माझी अक्कल. त्या सड्यावर कोण बसतं हे मला ठाऊक. त्याला फोन करायचा नाही हा नियम मला ठाऊक, मी त्याच नियमात वाढले. खालचे लोकही होडीजवळ गप असतात, कारण रापणीआधी उगाच बडबड करायची नसते. म्हणजे तिथली शांतता ही कामाची शांतता. हे बाहेरून आलेल्या इंजिनिअरला कळलं नसतं तर एक वेळ ठीक होतं. पण मी? पण काय झालं, कागदावर शून्य बघितलं आणि मला ते शून्यच वाटलं. माझा मामा त्या शून्यात बसलाय हे डोक्यात आलंच नाही.

पूर्वी मामा पंचा हलवून खुणा करायचा. पण सुरूचं बन वाढलं आणि वरचं खाली दिसेनासं झालं. शिवाय आता माणसं पुळणीवर बसून राहत नाहीत. कुणी माडात, कुणी दुकानात, कुणी पर्यटकांच्या खोल्या झाडत. म्हणून रापणीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. मामाला त्यात एकच गोष्ट येते, बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. "थवो इलो रे! खडपाच्या भायल्या अंगाक! होडी भायर काढा!" एवढं बोलून फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात आणि डोळे परत पाण्यावर. त्याचा आवाज एका दमात सगळ्या वाडीच्या खिशात वाजायचा आणि माणसं हातातलं टाकून धावत सुटायची.

त्या हंगामात पहिला थवा चुकला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. निरोप आला, होडी गेली, पण मासे निघून गेले होते. होतं असं. दुसऱ्या वेळीही तेच. आताशा मोठ्या बोटी खोल समुद्रातच एवढं ओढतात की किनाऱ्यापर्यंत थवा येणं म्हणजे नशीब, त्यातले दोन गेले. तिसरा आणि मग चौथाही गेला तेव्हा लोक कुजबुजायला लागले. मामा सांगत होता, "मी सांगलंय वेळार." लोक हो हो म्हणायचे आणि एकमेकांकडे बघायचे. होडीच्या तांडेलाने, म्हणजे होडी नेणाऱ्याने, मामीला बाजूला घेऊन सांगितलं, "तेंचे डोळे एकदा दाखवा गो. उशिरा दिसता तेंका."

मामीने मला फोन केला. आणि मी काय केलं असेल? मी मामाला झापलं. "वय काय झालं तुझं? चष्मा नको, डॉक्टर नको, नुसता हट्ट! उद्याच्या उद्या कणकवलीला ये." तो मुकाट्याने आला. इस्त्रीचा शर्ट घालून, एसटीने, हातात माझ्यासाठी सोलांची पिशवी घेऊन.

डॉक्टरांकडे गेलं की मामा शुद्ध बोलतो. "डॉक्टर, मला समुद्रातलं दिसतंय की नाही, तेवढं सांगा." डॉक्टर म्हणाले, "आजोबा, समुद्र इथे नाही, हा तक्ता आहे. खालची ओळ वाचा." मामाने खालची ओळ वाचली, आणि त्याच्याही खाली तक्ता छापणाऱ्याने जे बारीक अक्षरात छापलं होतं तेही वाचलं. डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "तुमची लांबची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे हो. फक्त जवळचं वाचायला चष्मा लागेल." मला इतकं हायसं वाटलं की स्टँडवर मी त्याला दोन कप चहा पाजला.

पण मामा हसत नव्हता. कपाकडे बघत बसला आणि म्हणाला, "डोळे बरे आसत. मगे मासो जाता खंय?"

मी म्हटलं, जाऊ दे रे, होतं असं कधी.

"नाय गो. म्हंजे डोक्यातच काय तरी झाला आसतला. दिसता माका, पण वेळ कळणा नाय." कप बाकड्यावर ठेवून म्हणाला, "बाबांका झाला, तसा."

आजोबा शेवटच्या वर्षी अंथरुणात बसून "थवो इलो रे!" म्हणून हाका मारायचे. त्यांना घर कळायचं नाही, माणसं कळायची नाहीत, फक्त तेवढी हाक राहिली होती. आम्ही पोरं हसायचो तेव्हा मामा आम्हाला रागे भरायचा. तो माणूस आता स्टँडवरच्या बाकड्यावर बसून तेच स्वतःबद्दल म्हणत होता, आणि मी त्याला भजी खातोस का विचारलं. गाडी आली, तो चढला आणि खिडकीतून म्हणाला की येत्या रविवारी रापणीची माणसं जमणार आहेत, तेव्हा तो दगड सोडतोय असं सांगून टाकेल. खाली उतरून दोर ओढेल. "एक दिस ये. शेवटचो बसूया दोगांय."

त्या रविवारी सकाळी मी गेले. आम्ही दोघं चढणीला लागलो. वाटेत एक बाई लाकडं घेऊन येत होती, तिने आम्हाला बघून मान वळवली, नियमाप्रमाणे. दगडावर बसलो. मामाने पुरचुंडी काढली. मी आता चाळिशीला आलेली बाई, पण गूळ-खोबरं हातात पडल्यावर तोंड आपोआप बंद झालं.

तासभर गेला असेल. मामा एकदम ताठ झाला. मला पाण्यावर एक डाग दिसला, नेहमीसारखाच. वारा उत्तरेकडून होता आणि तो डाग वाऱ्याच्या उलट चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तो फरक दिसला! मी मामाचा दंड धरला. त्याने फोन काढला, बटण दाबलं आणि बोलला. मग नेहमीप्रमाणे फोन पिशवीत टाकायला गेला.

मी सहज त्या पडद्याकडे बघितलं. निरोपाच्या कोपऱ्यात बारीकसं घड्याळाचं चित्र होतं. निरोप गेलेला नव्हता. मामाला ते दिसणं शक्यच नव्हतं, जवळचं दिसत नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. "थांब मामा, दे इकडे." मी फोन हातात घेतला. घड्याळ तसंच. माझा फोन काढला, त्याच्यावर पुसटशी एक काडी आणि तीही येऊन-जाऊन. मी टॉवरकडे बघितलं. समुद्राकडचं तोंड आमच्यावर रोखलेलं होतं, आणि ते गाढ झोपेत होतं. मी झोपवलेलं.

काय वाटलं ते सांगते. कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मी चपला तिथेच टाकल्या आणि उतारावरून ओरडत सुटले, "थवो इलो! होडी काढा! थवो इलो रे!" सगळे नियम मोडून. कातळावर पाय सोलवटले. माडात पोचले तेव्हा कुठे लोकांच्या खिशात मामाचा आवाज वाजायला लागला. होडी गेली, जाळं पडलं, आम्ही सगळ्यांनी दोर ओढला. जाळ्यात आले ते थोडेसे बारके पेडवे मासे आणि पुष्कळ शेवाळ. दोन माणसं मामीसमोरच म्हणाली, "आज भाचीकडना आरडायला लावल्यान." मामा ते ऐकत दोर गुंडाळत होता.

आता खरं सांगते. माणसं जमायला अजून दोन तास होते आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला? मोबाईलवरून ऑफिसला फोन करावा, सेल जागा ठेवायला सांगावं, आणि गप बसावं. पुढचा थवा येईल, निरोप झटक्यात जाईल, मामाचं नाव परत होईल. कुणाला काही कळायचं नाही. मी नोकरीतली शहाणी, टाळ्यांची चित्रं मिळवलेली, कशाला सगळ्यांसमोर तोंड काळं करून घेऊ? मामीने पान वाढलं. मामा जेवता जेवता म्हणाला, "सोलकडी घे गो थोडी. दमलंस तू धावान." आणि मी पानावरून उठले.

जाळी ठेवायच्या झावळांच्या खोपीत सगळे बसले होते. मामा उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण लावलं. "माका सांगूचा आसा," म्हणाला, "की आता ह्या वर्सापासून सड्यार..." पुढचं त्याला बोलवेना. मी मागे उभी होते. मला ते बघवलं नाही.

"मामा, तू बस. माका सांगूचा आसा." मी पुढे गेले. "मामाक दिसलो होतो. आज दिसलो, मी बाजूक होतंय. निरोप अडकलो. समुद्राकडचो सेल मी झोपवून ठेवलेलो. वीज वाचवूक. माझ्या हातान. तुमका निरोप उशिरा येता तो माझ्यामुळे येता, तेच्यामुळे नाय."

मग मी त्यांना झोपेचं सगळं समजावलं, हलकी आणि गाढ. एकट्या माणसाच्या निरोपाला यंत्र गर्दी धरत नाही हेही सांगितलं. तांडेल ऐकता ऐकता लाल झाला. "शिरा पडली तुझ्या त्या मशिनीर! आमी दोन म्हयने तेच्या डोळ्यांका बोल लावतंव!"

मामा माझ्याकडेच बघत होता. त्याला बाकीचं काही ऐकू गेलं नसावं.

"म्हंजे माका दिसलो होतो?"

"होय मामा."

"पयल्या खेपेक? खडपाकडे इलो तेव्हा?"

"तेव्हाय."

"आणि त्या घारी फिरत होत्यो, त्या दिसाक?"

"त्या दिसाकय मामा."

"पाऊस पडान गेलेलो, पाणी गढूळ होता. माका वाटला माकाच भास झालो."

"भास नाय. तुका वेळार दिसलो. सगळे दिसले."

त्याने एकेक थवा विचारून घेतला. आजचा धरून पाच होते. पाचही त्याला तारखेसकट नव्हे, पण पाण्याच्या रंगासकट आठवत होते. मी पाचही वेळा होय म्हटलं. पाचव्या वेळी त्याने खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला आणि खाली बसला. माझा मामा, ज्याने स्वतःच्या आईच्या मयताला डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, तो हमसून रडत होता आणि मला त्याच्याजवळ जायचं धाडस होत नव्हतं. तांडेलच जाऊन बसला त्याच्याजवळ. पाठीवर हात ठेवला.

मग पंच्याआडून आवाज आला, "आणि माका डोळ्याच्या डॉक्टराकडे कोणी न्हेला?"

खोपीत असा हशा उठला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मीही हसले आणि हसता हसता भोकाड पसरलं. बाहेरून मामी ओरडली, "काय मेला, कोण हसता, कोण रडता?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "एका माणसासाठी सेल जागा ठेवायचा?" मी म्हटलं, "साहेब, त्या एका माणसाच्या एका वाक्यावर वाडीतल्या सगळ्या चुली अवलंबून आहेत. तुमचं शून्य चुकीचं आहे. म्हणजे माझं." ते माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त बॅटरी कुठून आणू म्हणून विचारत होते, आणि ती बाळंतीण मीही विसरले नव्हते. चार दिवस भांडलो आणि मधली वाट काढली. रापणीच्या हंगामात, उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत समुद्राकडच्या सेलने हलकी झोप घ्यायची, आणि एकाच फोनने ठोठावलं तरी उठायचं. दुपारनंतर खुशाल घोरू दे. तेवढ्या सकाळची वीज रस्त्याकडच्या सेलला दुपारी जास्त झोपवून भरून काढली. बॅटरी पहिल्यासारखी दीडपट टिकत नाही, पण बरी टिकते.

पुढचा थवा पंधरा दिवसांनी आला. मी ऑफिसात होते. मामाचा निरोप माझ्याही फोनवर वाजला, कारण आता मलाही त्या ग्रुपात घातलंय. नंतर मामीने सांगितलं की पुळण बांगड्यांनी भरली होती. सड्याचा वाटा बाजूला काढल्यावर मामाने आणखी एक छोटा ढीग काढायला लावला. तांडेलाने विचारलं, हो कोणाचो? मामा म्हणाला, "हो खांबाचो." तो वाटा एसटीच्या ड्रायव्हरकडे बर्फ घालून कणकवलीला आला. ऑफिसभर वास. साहेबही घरी घेऊन गेले.

आता एक सवय लागलीय. सकाळी दगडावर बसला की मामा मला फोन करतो. त्याला कुणी करायचा नाही, तो नियम कायम आहे. पण तो करतो. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा. "जागो आसा मां गो?" म्हणजे सेल. मी म्हणते, "जागो आसा." तो म्हणतो, "बरा," आणि ठेवतो. कधी पुढे एखादं वाक्य असतं, पाणी आज निळं आहे, मामीने घावणे केलेत. चालू मीटिंगमध्ये हा फोन वाजतो आणि सगळे माझ्याकडे बघतात.

काही महिने मी तसंच चालू दिलं. पण लपवायचा मोह काय असतो ते एकदा बघून झालं होतं, म्हणून गेल्या आठवड्यात सांगून टाकलं. "मामा, आता तू फोन नाय केलंस तरी तो उठता. एका निरोपान उठता. आता तुका सारखो फोन करूची गरज नाय."

मला वाटलं, आता रागावणार.

"गरज नाय तर नाय," मामा म्हणाला. "मी काय त्या खांबाक फोन करतंय?"